कृष्णकमळाचा हिवाळा

जर्मनीत युरोच्या नोटा नुकत्याच हातात आल्या होत्या, तेव्हा डार्मश्टाटच्या आमच्या घराच्या बाल्कनीत मी कुंडीत कृष्णकमळाचा वेल वाढवला. उन्हाळाभर तो फुलला. ऑक्टोबरात मी हिवाळ्याच्या कामांची यादी करायला बसले आणि वेलापाशी अडले. त्याला उजेड हवा, थंडावा हवा, पण बर्फ चालत नाही. घरात हीटर आणि तळघरात अंधार, बाल्कनीत तर तो गोठून मेला असता. जिन्यातली खिडकी योग्य होती, पण हाउसऑर्डनुंगप्रमाणे, म्हणजे इमारतीच्या नियमांप्रमाणे, जिन्यात काही ठेवायचं नाही. जिन्यातल्या आमच्या चपलांवरून वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजी एकदा बोलल्याही होत्या.

"अगं, तिलाच विचारून बघ," आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "खाणार आहे का ती तुला?"

मी वर गेले. आजींनी सगळं ऐकून घेतलं. "जिन्यात नाही, नियम आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या झोपायच्या खोलीत ठेवा. तिथे मी हीटर कधीच लावत नाही."

"एवढ्या गारठ्यात झोपते ती?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण कुंडी उचलायला आधी त्याच आल्या.

मे महिन्यात मी वेल आणायला गेले. त्याला नवी पालवी फुटली होती आणि त्याच्या तणाव्यांनी पडद्याची दोरी घट्ट धरली होती. तणावे कापायला मी कात्री मागितली. आजींनी ती आणली आणि सरळ दोरीच कापली.

"दोरी दुकानात मिळते," त्या म्हणाल्या.

त्या वर्षीचं पहिलं फूल मी देवाला वाहिलं नाही, वर नेऊन दिलं.