अकाइतीची तिवाएवाए

न्गामाताचं काम नेमकं काय, असं बेटावर विचारलं की लोक हसायचे. सरकारदरबारी ती कला-अधिकारी होती, पण लोकांच्या लेखी ती सोयरीक जमवणारी बाई. फरक इतकाच, की नवरा-नवरीऐवजी ती ढोलवाल्यांची गाठ मासेमारी खात्याशी घालून द्यायची आणि नाचणाऱ्या पोरींची पाणीखात्याशी. मासे वाढावेत म्हणून काही महिने जाळी टाकू नका, असं खातं ओरडून सांगत होतं तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. ढोलवाल्यांनी त्याचं गाणं केलं आणि गाणं गुणगुणत लोकांनी जाळी घरी टांगून ठेवली. सोयरीक जमवणाऱ्याचा मोठा गुण न्गामाताच्या अंगी पुरेपूर होता. दोन्हीकडच्यांना जे ऐकायला आवडेल, तेच ती बोलायची.

दवाखान्याचं प्रकरण असंच सुरू झालं. म्हातारी माणसं तिथे साखर तपासायला येईनात. तिथे मरायलाच जायचं असतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. डॉक्टर वाइसाके फिजीहून आलेला, भला माणूस, पण पुरता टेकीला आला होता. न्गामाताने त्याला सुचवलं की बाहेरच्या दालनात भिंतीवर एक तिवाएवाए लावा. फुलापानांची नक्षी कापून चादरभर टाके घालत शिवलेली ती गोधडी इथल्या प्रत्येक घरच्या पेटीत असते. ती दिसली की म्हाताऱ्यांना आपल्या घरात बसल्यासारखं वाटेल.

बायकांचं शिवणमंडळ नवी शिवून द्यायला तयार झालं. पण शिवणमंडळात टाक्यांपेक्षा गप्पा जास्त, आणि दालनाच्या उद्घाटनासाठी राजधानीच्या रारोटोंगा बेटावरून मंत्र्याचं विमान यायची वेळ आली तेव्हा निम्मी पानंसुद्धा लागली नव्हती. न्गामाता मग मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या अकाइतीकडे गेली.

अकाइतीच्या पेटीत पांढऱ्यावर लाल फणसपानांची एक तिवाएवाए होती. निम्मे टाके अकाइतीचे, निम्मे तिच्या बहिणीचे, मिरिआमाचे. मिरिआमा पुढे ऑकलंडला गेली, तिथेच वारली आणि तिथल्याच मातीत पुरली गेली. ही गोधडी अकाइतीने स्वतःच्या मरणासाठी, पुरताना अंगावर घालायला, जपली होती.

"उद्घाटनापुरती ने," अकाइती म्हणाली. "नवी झाली की माझी परत आण. मला ती पांघरून जायचंय."

न्गामाताने मान डोलावली. त्या क्षणी ती खोटं बोलत नव्हती.

घोटाळा झाला तो तुतावाके सुताराच्या एका प्रश्नाने. भिंतीवरच्या चौकटीत काचेमागे कापड लोंबतं, तो म्हणाला. कायमची ठेवायची असेल तर फळीला डिंकाने पक्की बसवतो, परत द्यायची असेल तर नुसती दांडीवर टांगतो, पण मग ती वाळत घातल्यासारखी दिसेल. "भेट आहे ना ही?" त्याने विचारलं. विमान दुसऱ्या सकाळी उतरणार होतं.

"भेटच समज," न्गामाता म्हणाली. अकाइतीला मागाहून गोड बोलून पटवू, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

गुडघ्यांमुळे अकाइती समारंभाला आलीच नाही. डॉक्टरने भाषणात तिच्या औदार्याचे आभार मानले, टाळ्या झाल्या, आणि न्गामाता मूग गिळून बसली. मग तिवाएवाएने खरंच किमया केली. म्हातारी माणसं येऊ लागली, कुठला टाका कुणाचा यावर बाकांवर बसून भांडू लागली, आणि भांडता भांडता साखर तपासून जाऊ लागली. नवी तिवाएवाए शिवून झाली तेव्हा अकाइतीने आठवण केली. न्गामाता म्हणाली, मावशी, लोकांचा तुझ्याच पानांवर जीव जडलाय. अकाइती खुलली. राहू दे थोडे दिवस, मी काय आज मरतेय, म्हणाली. नवी गोधडी न्गामाताच्या कपाटात जाऊन पडली, आणि त्या कपाटाकडे बघायचंही न्गामाता टाळू लागली. अपराधाची टोचणी सतत होती. पण म्हातारी ठणठणीत होती आणि दिवस ढकलता येत होते.

अकाइतीचे डोळे गेले, बोटं आखडली, आणि शेवटी तिला त्याच दवाखान्यात आणून झोपवलं. मुलीला, तेपोराला, तिने न्गामाताला निरोप द्यायला सांगितलं: आता आण. न्गामाताने तुतावाकेला बोलावून काच उतरवली. त्याने कोपऱ्यात सुरीचं टोक घातलं तर लाल पान उभं फाटलं. "राहू दे, तुतावाके," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत गेली.

"मावशी, ती निघत नाही. फळीला चिकटवलीय. मीच चिकटवायला सांगितली."

अकाइती छताकडे तोंड करून पडली होती. "कधी?"

"पहिल्याच दिवशी."

"म्हणजे मी परत मागितली तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

"विचारलं असतंस तर दिली असती, पोरी," म्हातारी म्हणाली. "आणि दुसरी शिवायला घेतली असती. तेव्हा डोळे होते मला."

मग तिने तेपोराकडे पाणी मागितलं. न्गामाताला वाटत होतं, म्हातारीने चार शिव्या घालाव्यात, सगळ्यांदेखत पाणउतारा करावा. तसं काहीच झालं नाही, आणि ते तिला जास्त जड गेलं.

अकाइतीला घरापुढच्या अंगणात पुरलं. मंडळाच्या बायकांनी आपापल्या तिवाएवाए आणल्या, थरावर थर घातले. न्गामाताने स्वतःच्या लग्नातली आणली, तिची नक्षी अकाइतीनेच कापून दिलेली. तेपोराने ती घेतली, नाही म्हटलं नाही, आणि सगळ्यांत खाली, पायांशी घातली. पांघरायला तिथे काही कमी नव्हतं. फक्त मिरिआमाचा एकही टाका बहिणीबरोबर गेला नाही.

पुढे विमानतळाच्या साहेबाचा निरोप आला, आम्हालाही अशीच एक भेट मिळवून दे. त्याला काय कळवायचं हे न ठरवताच न्गामाता दवाखान्यात गेली आणि दालनातल्या बाकावर बसली. काच पुन्हा बसवली होती, फाटलेलं पान काचेमागे स्पष्ट दिसत होतं. शेजारच्या म्हाताऱ्याने तिला ओळखलं नाही.

"दिलदार बाई हो," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "एवढी जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकली."

त्याला आवडेल असं उत्तर न्गामाताच्या ओठांवर तयारच होतं.

"तिने दिली नव्हती," ती म्हणाली. "मी ठेवून घेतली."