सासूबाईंचा काढा आणि उपाशी उंदीर

औषधांच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे उंदीरमामा म्हणत. मामा कधी कुणावर ओरडले नाहीत. उंदरांवर ओरडावंसं वाटत नसे आणि घरी ओरडायची सोय नव्हती. घरी सासूबाई होत्या. लग्नानंतर मामांचं पोट जळायला लागलं (लग्नामुळे नव्हे, चहामुळे, असं बायकोचं म्हणणं), तेव्हापासून सासूबाई रोज सकाळी एका कडू मुळीचा काढा त्यांच्या पुढ्यात ठेवत. तोंड वाकडं केलं की आणखी अर्धा पेला.

ही रड ऐकून प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंनी ती मुळी मागवून घेतली. अल्सरपासून ती पोटाला वाचवते का, हे उंदरांवर तपासायचं ठरलं. मामा मनातून खूश झाले. विज्ञानाने नापास केलं की काढा कायमचा बंद.

पोट रिकामं असलं तरच अल्सर नीट उठतो, म्हणून उंदरांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायचं होतं. भुकेला उंदीर अंथरलेला भुसाही खातो, म्हणून भुसा काढून पिंजऱ्यात तारेची जाळी बसवायची. सकाळी निम्म्यांना काढा, निम्म्यांना पाणी, मग सगळ्यांना पोट जाळणारं औषध आणि शेवटी पोटं उघडून लाल चट्टे बघायचे.

मामांनी जाळी बसवली. पण तारेवर अवघडलेले ते गुलाबी पाय काही बघवेनात. त्यांनी वर मऊ भुसा पसरला आणि सकाळी बाई यायच्या आत झाडून टाकला.

पोटं उघडली, तर चट्टे नाहीत. मामांचा चेहरा उतरला. काढा पास झाला की काय!

"पाणी प्यायलेल्यांनाही नाहीत," बाई म्हणाल्या आणि चिमट्याने त्यांनी एका पोटातून भिजलेला भुसा उचलला.

मामा म्हणाले, "मी घातला. पायांना तार टोचत होती त्यांच्या."

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मामा, हे सगळे फुकट गेले. आता पुन्हा तेवढेच घ्यावे लागतील."

पुढच्या खेपेला मामांनी जाळीवर कुसळही पडू दिलं नाही. पाणीवाल्यांची पोटं लालभडक निघाली, काढावाल्यांची बरीचशी शाबूत.

घरी त्यांनी निकाल सांगितला. सासूबाईंनी पेला पुढे सरकवला.

"जावईबापू, त्यासाठी उंदीर कशाला मारायचे? तुम्ही होतात की."

मामांनी तोंड वाकडं न करता पेला रिकामा केला.