दिवेलागणीला येणारी मार्था

मार्था गेली त्या संध्याकाळी शिनोलीत लाईट नव्हती. ओट्यावर बसून मी मेथी निवडत होते आणि फोन वाजला. प्रभाकरचा, म्हणजे मार्थाच्या धाकट्या भावाचा. शेवटचे महिने ती जुन्नरला त्याच्याकडेच होती. "निर्मलाताई, ताई गेली," एवढंच तो म्हणाला. त्याने काही सांगायला हवं होतं, मी काही विचारायला हवं होतं. शेवटी मीच "ठेवते" म्हणाले. राहिलेली जुडी तशीच निवडून संपवली. अंधार पडला होता, पण पानं आणि देठ हाताला कळत होते. अंधारात बसायची मला चांगली सवय आहे आणि ती मोडायला जी बाई रोज माझ्या दारात येत होती, तीच आता गेली होती.

मार्था आणि मी इथल्या शाळेत वीसेक वर्षं शेजारशेजारच्या वर्गांवर होतो. ती मूळची जुन्नरची, जुन्या बाजारपेठेच्या मागच्या आळीतली. आजोबांच्या आधीपासून घर ख्रिस्ती. लग्न केलं नाही. का, ते मी एकदाच विचारलं, तर म्हणाली, "मला पसंत पडले ते देवाला पसंत नव्हते आणि देवाला पसंत पडले ते अगदीच टकले होते." आमच्या घरासमोर गल्लीच्या पलीकडे दोन खोल्या भाड्याने घेऊन ती राहायची आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिली. आवाज खडा, गाण्याची हौस दांडगी आणि सुराशी उभा दावा. रविवारी सकाळी ती एकटीच गाणी म्हणायला लागली की मी खिडकी लावून घ्यायचे. चहात आलं इतकं घालायची की पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी यावं. एका बाबतीत मात्र हट्टी होती. शाळेत सरस्वतीपूजन असलं की पहाटे येऊन रांगोळी तीच काढायची आणि आरतीचं ताट आलं की दाराबाहेर जाऊन उभी राहायची. कुणाच्याही देवापुढचा दिवा ती लावत नसे. एकदा हेडमास्तर चिडले, तर म्हणाली, "सर, रांगोळी माझी, आरती तुमची. दोघांनी आपापलं काम नीट करू."

धर्माचं ती आपणहून काही बोलत नसे. मीच डिवचायचे. देवळात जाणारी असले तरी माझा स्वभाव पहिल्यापासून तिरका. वर्तमानपत्र पुढे टाकून म्हणायचे, "बघ, बापाने पोरीला मारलं, पोराने आईला घराबाहेर काढलं. कुठे आहे तुझा उजेड?" ती चष्मा पुसत म्हणायची, "अगं, आम्हाला उजेडासारखं राहायला सांगितलंय. सूर्य व्हायला कुणी सांगितलं नाही. माझ्यासारखीने एक मेणबत्ती व्हावं, बास." मला ते तेव्हा शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारखं वाटायचं. सुविचाराचं बरं असतं, दुसऱ्या दिवशी पुसून टाकता येतो.

मग माझा अमोल गेला. चाकणला कंपनीत होता, शनिवारी मोटारसायकलवर घरी यायचा. त्याचे वडील तो शाळेत असतानाच गेले होते, तेव्हा घरात आम्ही दोघंच. त्या शनिवारी दिवेलागणीला मी देवापुढे वात लावली, काडी विझवली आणि फोन आला. मंचरच्या अलीकडे ट्रकने... पुढचं सांगत नाही. त्या दिवसापासून माझ्याच्याने दिवा लागेना. देवापुढचाही नाही आणि घरातलाही नाही. संध्याकाळ झाली की ओट्यावरून उठून आत यायचे, दार ओढून घ्यायचे आणि तशीच बसायचे. बटण हाताशी असायचं, पण हात जायचा नाही. उजेड केला की त्याची खुंटीवरची पँट दिसायची. लोक म्हणाले, दिवस जातील तसं दुःख कमी होईल. दिवस गेले. बाकी काही गेलं नाही.

मार्था पहिल्या आठवड्यात नुसती येऊन बसायची. एक दिवस अंधारात ठेचकाळली, गुडघा फोडून घेतला आणि दुसऱ्या दिवशी येताना मेणबत्ती घेऊन आली. माझी एक कडा तुटलेली बशी फडताळातून काढली, तिच्यात मेणबत्ती उभी केली आणि गल्लीकडच्या खिडकीत ठेवली. माझं डोकंच फिरलं. म्हणाले, "तुझ्या देवाचा दिवा माझ्या घरात नको. माझ्या देवाने मला काय दिलं ते बघितलंस ना? आता दुसरा कशाला?" ती शांतपणे म्हणाली, "देवासाठी लावला नाही गं. तू दिसावीस म्हणून लावला." मी फुंकर मारून विझवली. तिने परत लावली. मी परत विझवली. तिसऱ्यांदा मात्र मला दम लागला आणि तिला हसू आलं. मग मेणबत्ती संपेपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो. त्यानंतर ती रोज आली. पावसात छत्री सावरत आली, तापाने फणफणलेली असताना शाल गुंडाळून आली. कधी बोलायची, कधी पेंगायची. देव्हाऱ्याकडे मात्र तिने कधी हात नेला नाही. म्हणायची, "ते तुझं तू बघ. मला त्यातलं कळत नाही आणि खोटं खोटं करवत नाही."

गावात अर्थातच कुजबुज झाली. एकटी बाई, पोर गेलेली, मनाने खचलेली. ख्रिस्तीण रोज संध्याकाळी मेणबत्ती लावायला जाते, म्हणजे बाईला बाटवणार. चार तरण्या पोरांनी तिला चौकात अडवलं. त्यांतल्या दोघांना तिने बाराखडी शिकवली होती. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, पण त्या संध्याकाळी ती उंबऱ्याबाहेरच थांबली आणि पहिल्यांदाच विचारलं, "निर्मल, येऊ नको का?" तिचा चेहरा उतरला होता. मी काही उत्तर द्यायच्या आत गल्लीतून गाय घेऊन चाललेली आमची शेजारीण हौसाबाई ओरडली, "का नगं यायला? तुमी आला न्हाई तर ही बया अंधारात बसून मरंल! बाटवा, न्हाईतर काय बी करा, पन दिवा लावा!" मार्था आत आली. पोरं नंतर कुणाच्या वाटेला गेली नाहीत. एवढ्या वर्षांत तिने मला तिच्या धर्मातलं एक अक्षर शिकवलं नाही, हे मी इथे लिहून ठेवते.

गेल्या दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. पुण्याला तपासण्या झाल्या आणि कॅन्सर निघाला, तोही शेवटाकडचाच. प्रभाकर तिला जुन्नरला घेऊन गेला. मी एसटीने जायचे, घोडेगावला गाडी बदलून. शेवटची भेट झाली तेव्हा ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. खडा आवाज पार बसला होता. मी तिच्याकडून धीराचं काहीतरी ऐकायला गेले होते, खरंच सांगते. आजारी ती आणि धीर मला हवा होता. इतकी वर्षं तिच्या आशेवर मी फुकट जगले होते, माझी स्वतःची कधी नव्हतीच. आणि ती म्हणाली, "निर्मल, प्रार्थना करते तर भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. मला काही दिसत नाही गं."

मी म्हणाले, "तू असं बोललीस तर मी कुणाकडे बघायचं?"

ती वळली. ओठ सुकलेले, तरी थोडीशी हसली. "मग तुझ्याकडे येत होते तेव्हा मला काय दिसत होतं, असं वाटलं तुला? तुझ्या पोरासाठी मी रडून रडून विचारलं होतं. तेव्हाही उत्तर नव्हतं. दिसत असतं तर मेणबत्ती कशाला लावली असती?" बराच वेळ दम खाल्ला आणि मग विचारलं, "मी नाही तर आता लावतेस ना संध्याकाळी?"

मी म्हणाले, "नाही. मला नाही जमत."

तिने माझा हात थोपटला आणि "बरं" म्हणाली. त्यानंतर ती झोपली आणि मी गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. तिचं माझं शेवटचं बोलणं ते.

जुन्नरला तिला मातीत ठेवलं. उपदेशक आशेबद्दल बोलले, पुन्हा भेटण्याबद्दल बोलले. चांगलं बोलले, पण माझ्यापर्यंत काही पोचलं नाही. जिने कुणाचं वाकडं चिंतलं नाही, तिला असं तडफडायला लावून नेलं, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. मूठभर माती टाकली आणि मनात म्हटलं, तू फसलीस मार्था आणि तुझ्या पाठोपाठ मीही.

आणि मग हौसाबाईने तिचं दहावं घातलं. ख्रिस्ती माणसाचं दहावं! प्रभाकरला फोन केला तर तो म्हणाला, आमच्यात नसतं. हौसाबाई म्हणे, "त्येंच्यात नसंल, आमच्यात हाय ना. आमी काय तिला परकं समजायचं का?" गल्लीतल्या बायका जमल्या. मार्थाच्या खोल्यांपुढच्या भिंतीवर पत्रावळ मांडली. वरण-भात, कांदाभजी आणि शेजारी कपात आल्याचा चहा, तोही तिच्यासारखाच जहाल. कावळा तारेवर येऊन बसला आणि तिथेच बसून राहिला. मला अमोलचं दहावं आठवलं. नदीवर पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला होता आणि सगळे म्हणाले होते, पोराची कसली इच्छा राहिली नव्हती. सत्तावीस वर्षांच्या पोराची म्हणे इच्छा राहिली नव्हती!

इथे कावळा खाली येईना. बायका एकेक करून मार्थाला शब्द द्यायला लागल्या. "मार्थाबाई, तुमच्या मांजरीला आमी दूध घालू." कावळा ढिम्म. "भावाला अंतर देनार न्हाई." कावळ्याने पंख खाजवले. कुणीतरी म्हणालं, "अगं, त्या ख्रिस्ती. त्येंचा कावळा कसा शिवंल?" त्यावर हौसाबाई खेकसली, "कावळ्याला काय ठावं कोन कुठला ते? काय तरी राहिलंय तिचं. इचारा."

काय राहिलंय ते तिथे एकटीला मला माहीत होतं. मी भिंतीला टेकून उभी होते. हे सगळं खुळचटपणाचं आहे हे कळत होतं. तिला कावळा मान्य नव्हता आणि मला तर आता काहीच मान्य नव्हतं. तरी तोंडातून निघून गेलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं... "मार्था, लावते. रोज दिवेलागणीला लावते."

कावळा उडाला आणि नदीकडे निघून गेला. आम्ही ऊन तापेपर्यंत वाट बघितली. परत आला नाही. शेवटी तिच्या मांजरीने भजी पळवली आणि हौसाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "चला, घरचंच कुनीतरी खाल्लं." बायका घरी गेल्या.

कावळा शिवला असता तर कदाचित मी सुटले असते. लोकांसारखं मलाही म्हणता आलं असतं की पोचलं, ऐकलं, झालं. तसं काही झालं नाही. शब्द तेवढा देऊन बसले. त्या संध्याकाळी तुटकी बशी खिडकीत ठेवली. तिच्यात जुन्या मेणाचा थर इतका जमलाय की नवी मेणबत्ती आपोआप उभी राहते. काडी ओढताना फोन वाजेल असं वाटलं. वाजला नाही. उजेड झाला आणि खुंटीवरची पँट दिसली. बघत बसले, दुसरं काय करणार? आशा वाटते का, असं कुणी विचारलं तर नाही वाटत. मार्था कुठे आहे, अमोल कुठे आहे, मला काही दिसत नाही. पण आता हेही माहीत आहे की तिलाही दिसत नव्हतं, आणि तरी ती पावसात छत्री घेऊन येत होती.

तिने आणून ठेवलेलं मेणबत्त्यांचं पाकीट परवा संपलं. घोडेगावला गेले होते, तिथल्या दुकानात नवं मागितलं. दुकानदाराने फळीवरून पाकीट काढता काढता विचारलं, "शिनोलीला लाईट लई जाती का वो बाई?"

"नाही," म्हटलं, "लाईट असते."

"मंग?"

"मग काही नाही. दोन दे."

त्याने दोन पाकिटं पुढे केली. त्याच्याशी बोलत बसायला मला वेळ नव्हता. एसटी लागली होती आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं होतं.