मशीन बिघडलेलं नव्हतं

"मशीन ठणठणीत आहे. बीपी तुमचंच वाढलंय," डॉक्टर म्हणाले. मला हसूच आलं. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?" आणि मी मनातल्या मनात महिने मोजू लागले.

एका संशोधन प्रकल्पासाठी मी नवघरमध्ये घरोघरी फिरून बीपी मोजते, मीठ किती खाता वगैरे विचारते. पट्टा दंडाला आवळतो म्हणून बायका घाबरतात. त्यामुळे आमची पद्धत अशी, की पट्टा आधी स्वतःला बांधून दाखवायचा. "देखो भाभी, कुछ नहीं होता." हा आकडा कुठेही लिहायचा नसतो. माझा दरवेळी वर जायचा. प्रकल्पातल्या आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, मशीन खराब. ते बदललं, तर नव्यालाही नावं ठेवली.

पकडलं ते हिराआजींनी. त्यांच्या घरची एकेकाळी मिठागरं होती. मी मिठावर भाषण सुरू केलं की त्या गालात हसायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "बाय, आमचा बराबर येतो नि तुझाच कसा वर जातो? मशीनला तुझी ओलख हाय काय?"

तिथून मी मशीनच उचलून डॉक्टरांकडे नेलं होतं.

त्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करायला सांगितली. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडन्या नीट गाळत असतील तर तो कमी राहतो. वाढलेलं बीपी किडन्या गुपचूप खराब करतं. माझ्या आईचं शेवटचं वर्ष डायलिसिसमध्ये गेलं. मला आणखी फोड करून सांगायची गरज नव्हती.

रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. घासलेली भांडी मी पुन्हा घासली. "अगं बस ना जरा, काय नुसती फिरतेयस!" नवरा म्हणाला, तर त्याच्यावरच खेकसले. शेवटी वेळेआधीच लॅबच्या बाकावर जाऊन बसले. समोर आमच्याच प्रकल्पाचं पोस्टर होतं: 'तुमचं बीपी तुम्हाला माहीत आहे का?' त्यातली हसरी बाई फाडून टाकावीशी वाटली.

क्रिएटिनिन ठीक निघालं. लघवीत मात्र थोडं प्रोटीन जात होतं, म्हणजे किडनीची गाळणी सैल व्हायला लागली होती. "सुरुवात आहे. गोळी चुकवली नाही तर थांबवता येईल," डॉक्टर म्हणाले. येईलच का, हे विचारायचा धीर झाला नाही. आता दर तपासणीला तोच बाक आणि तीच धडधड. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर ऐकू नका. माझं एक दिवसही दुखलं नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्यावर हिराआजींकडे गेले. सवयीने पट्टा आधी स्वतःला बांधला. आकडा उतरला होता, पुरता नाही. आजी चष्मा सावरत पुढे वाकल्या.

"लिव."

"आजी, हा लिहायचा नसतो. हा नुसता दाखवायचा."

"का? तू मानूस न्हाय?"

मी मोबाइल काढला आणि त्यांच्यासमोरच माझा आकडा लिहिला.