साबणरावाचे कामाचे कपडे

जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवण्यात बावीस वर्षं काढलेला माणूस इतका टापटीप असू शकतो, यावर कुणाचा विश्वास बसत नसे. सुट्टी झाली की हा गडी कोपरापर्यंत हात घासायचा, ब्रशने नखं साफ करायचा, तीनदा चूळ भरायचा. म्हणून कारखान्यात सगळे त्याला साबणराव म्हणत. ही चेष्टा त्याला आवडायची. "विष इथेच ठेवून घरी जातो मी," असं तो छाती फुगवून सांगायचा.

एवढं करून कामाचे कपडे मात्र पिशवीत कोंबून घरी न्यायचा, शहाणा. बायको गेल्यापासून ते धुणं लेकीकडे होतं. सातव्या वर्षापासून ती ते कपडे गच्चीच्या कठड्यावर काठीने बडवायची आणि राखाडी धूळ उडाली की खुदकन हसायची. लग्नानंतरही ती शेजारच्याच गल्लीत राहायची, बापाचं धुणं तिने सोडलं नव्हतं.

आता तिला पाचवा महिना होता. कारखान्यात तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंनी घरच्यांचंही रक्त मागितलं होतं. आज पाळी संपवून साबणराव पिशवीसकट दवाखान्यात आला, लेकीशेजारी बाकावर बसला. भीती होती, पण ती स्वतःच्या रिपोर्टची.

बाईंनी कागद पुन्हा पुन्हा पाहिले. "तुमच्या रक्तात शिसं जास्त आहे, ते अपेक्षितच होतं. पण हिच्याही जवळजवळ तितकंच आहे."

"कागद बदलले असतील, बाई. ती फाटकातसुद्धा आली नाही कधी."

"दोनदा तपासलंय. पेशीतला डीएनए रोजच कुठे ना कुठे तुटतो, पेशी तो सांधते. शिसं मोडतोड वाढवतं आणि वर सांधणाऱ्याचे हातही बांधून ठेवतं. हाडांत साठतं, गरोदरपणात बाहेर पडून बाळापर्यंत पोचतं." बाईंनी चष्मा काढला. "यांचे कपडे कोण झटकतं?"

"मीच की," लेक म्हणाली. "लहानपणापासून."

साबणरावाने लेकीच्या पोटाकडे पाहिलं. "आणि बाळाला?"

"आज सांगता येणार नाही. धूळ आजपासून बंद. दर महिन्याला तपासत राहू."

घराच्या पायरीशी आल्यावर लेकीने सवयीने पिशवीसाठी हात पुढे केला.

"हात लावू नकोस," तो खेकसला. आयुष्यात पहिल्यांदा.

तिने हात मागे घेतला आणि पोटावर ठेवला. साबणराव पिशवी धरून पायरीखालीच उभा राहिला. त्याला ढसाढसा रडायचं होतं. डोळे पुसायला त्याने हात वर केला, तो अगदी स्वच्छ होता.