खारीचा पिंजरा आणि मोहाचा वास

माझ्या नातवंडांनो,

पिंजऱ्यात बुरशी कशी होऊ द्यायची नाही, याचे सगळे नियम मला पाठ आहेत. तुमच्या हॅमस्टरने गादीखाली काकडी कुजवली आणि आईने तुम्हाला धारेवर धरले, असे कळले. म्हणून आजच लिहायला बसले.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. तुमचे आजोबा नागभीडजवळच्या जंगलात रेंजर होते, आणि मी एक खार पाळली होती. इंग्रजी पुस्तक वाचून! सातला ताजे खाणे, आठला तासभर व्यायाम (म्हणजे घरभर मोकळी), नऊला उरलेले बाहेर, पिंजरा पुसून कोरडा. घरकामाला येणारी रैनाबाई तिच्यासाठी रोज ओंजळभर ताजी मोहफुले आणी. नऊ वाजता पिंजऱ्यात एकही फूल उरत नसे. खार पोटभर जेवते, याचा मला कोण अभिमान!

एका सकाळी घरात दारूचा वास सुटला. आजोबांनी आठवड्यापूर्वीच जंगलातली मोहाच्या दारूची हातभट्टी पकडली होती, आणि चार वाजता मोठे साहेब चहाला यायचे होते!

"नोकरी जाईल," आजोबा म्हणाले.

मी फिनेल ओतले, पडदे धुतले, पिंजरा तीनदा घासला. तरी वास हलेना. शेवटी रैनाबाईची टोपली हुंगली.

"बाई, माह्या टोपलीले काऊन हुंगून राह्यल्या? तुमची खार फुलं घेऊन कुठी जाते, ते पाहा ना."

माझी खार नियमाने वागते, असे मी तिला ठणकावले.

चार वाजले. साहेबांनी कप उचलला, नाक वर केले आणि आजोबांकडे बघितले. आजोबा पांढरे पडले. विषय बदलायला म्हणून मी पाळीव प्राण्यांच्या स्वच्छतेबद्दल बोलू लागले आणि पुरावा म्हणून उघड्या कपाटातून ते पुस्तक ओढले.

त्यामागून महिन्याभराची मोहफुले घसरली. आंबलेली, चिकट, वर पांढरी लव आलेली. काही साहेबांच्या बुटावर, एक थेट बशीत!

साहेबांनी ते चमच्याने उचलून नीट हुंगले. "रेंजरसाहेब, माल सापडला. भट्टी कुठे आहे?"

आजोबांनी पिंजऱ्याकडे बोट दाखवले. साहेब इतके हसले की चहा सांडला. दारातून रैनाबाई म्हणाली, "म्या तं सकाळीच सांगतलं होतं."

तेव्हा बाळांनो, पिंजरा जरूर पुसा, पण आधी हॅमस्टरने तुमच्या दप्तरात काही दडवले आहे का ते बघा. नोकरी वाचली, खार पुढे जंगलात गेली. ते पुस्तक मात्र अजून माझ्याकडे आहे. स्वच्छतेच्या प्रकरणाची पाने एकमेकांना चिकटलेली आहेत.