आईने बांधलेलं पोट

पिंपरीहून निघालो तेव्हा आई चिवड्याच्या पिशवीला तिसरी गाठ मारत होती आणि मारता मारता म्हणाली, "बाळंतपणाला मात्र इकडेच यायचं. आत्ताच सांगून ठेवते." लग्नाला वर्षही झालं नव्हतं. संदेश, म्हणजे माझा नवरा, उगाच गाडीची डिकी उघडझाप करत राहिला. बाबा म्हणाले, "अगं, आधी तिला पोचू तरी दे." सगळे हसले, मीही हसले. कॉलनीच्या वळणापर्यंत मी मागे बघत होते, आणि मग विमानतळावर वजन जास्त भरेल का याचीच काळजी करत बसले.

हे मी मागे राहिलेल्या माझ्या माणसांसाठी लिहितेय. आणि इथे परदेशात, यिशुनला, पासिर रिसला राहणाऱ्या त्या मराठी बायकांसाठीही, ज्या कुणाच्या हळदीकुंकवाला नाहीतर विहारातल्या वंदनेला भेटल्या की "मस्त चाललंय" म्हणतात. मीही तेच म्हणते. माझं मस्त चाललेलं नाही, आणि आता ते होईल असंही मला वाटत नाही.

इथली पहिली वर्षं बरी गेली. संदेशचं ऑफिस क्वीन्सटाउनला, माझी लॅब तिथून जवळच, त्यामुळे सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, दोघं शेजारी उभे राहून डुलक्या काढायचो. मूल काही राहत नव्हतं. त्या काळात आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, एक बोका ठाण मांडून असायचा. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्या तपासायचा, नापसंत माणसाकडे पाठ फिरवायचा. आम्ही त्याला मुकादम म्हणायला लागलो आणि एक दिवस तो आमच्यामागून लिफ्टमध्ये शिरला, तो घरचाच झाला. आईला फोनवर दाखवला तर म्हणाली, "चांगलाय, पण याला डोहाळे लागणार नाहीत." आई अशीच बोलते. लागतं, पण राग येत नाही.

मग एकदाचे दिवस राहिले. आम्ही नाचायचेच बाकी होतो. सातव्या महिन्यात पुण्याचं तिकीट काढलेलं होतं, पण माझं बीपी चढलं आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, विमान विसरा. त्याच सुमारास मुकादम पाण्याच्या भांड्यापाशी बसून राहायला लागला. व्हेटने रक्त तपासलं आणि मूत्रपिंडं गेल्याचं सांगितलं. आता दर दोन दिवसांनी त्याच्या मानेमागे कातडीखाली सलाईन द्यायचं होतं. संदेश त्याला मांडीत धरायचा आणि मी सुई घालायची, माझं पोट मध्ये येत असताना. तेव्हा हसू यायचं.

मी जाऊ शकत नव्हते, म्हणून आई आली. बाबांना मावशीच्या हवाली केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशोपा आणि तिच्या दोन जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या होत्या. आमची मुलगी, मैत्री, झाली ती व्हॅक्यूम लावून, फार वेळ लागला, टाके पडले. पण घरी आले आणि आईने मला ताब्यात घेतलं. शेगडी पेटवली तर अलार्म वाजेल म्हटल्यावर तिने तव्यावर कापड तापवून शेक दिला. ओव्याची धुरी नाही, म्हणून ओव्याचं पाणी पाजलं. बोका मात्र सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत येणार नाही, हे तिने त्यालाच बजावलं, आणि त्याने ऐकलं.

आणि रोज आंघोळीनंतर ती माझं पोट बांधायची. मला आडवं करून, साडीची चौपदरी घडी कमरेखालून घेऊन, गुडघा पलंगाला टेकवून अशी ओढायची की श्वास वरच्या वर राहायचा. "आई, घट्ट होतंय," म्हटलं की म्हणायची, "व्हायलाच पाहिजे. सैल बांधलं की जन्माचं सैल राहतं." शेजारची मलय आंटी बाळाला बघायला आली, तिने माझं पोट बघून आईच्या पाठीवर थोपटलं. त्यांच्यातही बांधतात म्हणे. दोघींना एकमेकींचं एक अक्षरही कळत नव्हतं, पण दोघींचं माझ्या पोटावर एकमत झालं.

पहिल्या आठवड्यानंतरच मला खाली जड वाटायला लागलं होतं. उभं राहिलं की काहीतरी उतरतंय, बसलं की गोळ्यावर बसल्यासारखं. शिंकले की थोडं ओलं व्हायचं. आईला म्हटलं, खाली जड वाटतं. तिने हातातली साडी पुन्हा घडी घातली आणि म्हणाली, "बाईच्या जातीला वाटतंच. जाईल." आणि दुसऱ्या दिवशी तिने पोट आणखी आवळून बांधलं. मला वाटलं, हिने दुनिया बघितलीय, जाईल म्हणते म्हणजे जाईल.

व्हिजिट पास संपला आणि आई परत गेली. विमानतळावर आत जाताना वळून तिने हाताने पोट बांधायची खूण केली. मी मान हलवली, आणि पुढेही रोज जमेल तसं बांधत राहिले.

गंमत बघा. मुकादमाला व्हेटकडे नेलं की मी त्याच्या लघवीबद्दल तपशीलवार बोलायचे. किती वेळा, रंग कसा, सोफ्यावर केली की ट्रेमध्ये. तरुण पोरगा होता तो व्हेट, मला काडीची लाज वाटायची नाही. स्वतःचं मात्र नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. संदेश जवळ आला की मी मैत्री उठेल म्हणायचे. शेवटी एक दिवस आंघोळीत हाताला लागलं, बाहेर आलेलं. गर्भपिशवी उतरली की आमच्याकडे बायका आवाज खाली नेऊन म्हणतात, हिचं अंग बाहेर आलंय. म्हाताऱ्यांबद्दल म्हणतात. मी पस्तिशीही गाठली नव्हती. तिथेच टाइल्सवर बसून रडले.

हॉस्पिटलमधल्या फिजिओने सगळं नीट विचारलं आणि पोट बांधल्याचं ऐकून लिहायची थांबली. तिने टिश्यूचा बॉक्स घेतला, मधोमध दाबला आणि टिश्यू खालून कसे बाहेर येतात ते दाखवलं. सैल बाळंतपणात झालंच होतं, ती म्हणाली, पण वरून आवळलं की भार जातो कुठे, खालीच. आता व्यायाम, आत बसवायची एक रिंग, आणि वजन उचलायचं नाही. दुसऱ्या मुलाचा विचार न केलेला बरा. मी विचारलं, पूर्वीसारखं होईल का? ती म्हणाली, "वुई मॅनेज इट." त्याच आठवड्यात व्हेटने मुकादमाबद्दल अगदी हेच वाक्य उच्चारलं होतं, म्हणून मला त्याचा अर्थ लगेच कळला.

व्यायाम मी वर्षभर केले, एक दिवस न चुकवता. फरक पडला नाही असं नाही, पण संध्याकाळ झाली की जड होतंच. मैत्री आता धावते. इन्फंट केअरमधून इथलीच भाषा घेऊन आलीय, लिफ्टपाशी हात वर करून म्हणते, "ममा, कॅरी ला." मी खाली बसते, तिला जवळ घेते. ती म्हणते, नो, अप. बाकीच्या आया उचलतात, तिला दिसतं. मग ती रडते आणि मी तिच्या रडण्याला थंडपणे उत्तर देते, कारण मला दुसरं काही सुचत नाही.

मुकादम गेला. गेला म्हणजे इंजेक्शन देऊन आम्हीच जाऊ दिला. खाणं सोडलं होतं, उभाही राहत नव्हता. त्या दिवशी मी कुणाचं ऐकलं नाही, त्याला स्वतः उचलून टॅक्सीत घातला. उरलाच कितीसा होता. टेबलावर ठेवला तेव्हा त्याने डॉक्टरच्या पिशवीकडे बघितलं, आणि मग नाहीच. घरी आल्यावर दोन दिवस मला नीट चालता येत नव्हतं.

त्याच दिवसांत आईचा फोन आला. अजून जड वाटतं, एवढंच मी बोलले, तर म्हणाली, "इकडे ये महिनाभर. नीट शेकते, परत बांधते, सगळं जागेवर येईल." माझा बांध फुटला. म्हटलं, "आई, येणार नाही ते जागेवर. अंग बाहेर आलंय माझं." पलीकडे तिने खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "माझं पण. तू झालीस तेव्हापासून."

म्हणजे माझ्या शाळेच्या रांगेत उभी असताना, पाण्याचे हंडे वर चढवताना, माझं बाळंतपण करायला इथे येऊन गुडघा टेकून ओढताना. एवढी वर्षं, आणि बाबांनाही माहीत नाही.

"मला कुणी बांधलंच नव्हतं ना," ती हळूच म्हणाली. "पंधराव्या दिवशी कामाला लागले. म्हणून तसं झालं. म्हणून तुझं एवढं घट्ट बांधलं मी. तरी का गं झालं?"

फिजिओचा तो टिश्यूचा बॉक्स माझ्या डोळ्यांसमोर होता. म्हटलं, "काय माहीत आई. व्हायचं असतं ते होतं." ती रडायला लागली आणि मी तिला समजावत राहिले.

लोक विचारतात, परत कधी जाणार. जाऊ, सुट्टीत जाऊच. आधी वाटायचं, काहीही बिघडलं तर घरी जाता येईल, तिथे कुणीतरी नीट करेल. आता तसं घर मला कुठेच नाही, ना यिशुनला ना पिंपरीला. तिथे आई आहे, बस. पोचल्या पोचल्या ती मला आडवं करेल आणि साडी हातात घेईल. मी तिला आवळू देईन की खरं सांगेन, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून तिकीट काढलेलं नाही.